तारीख नसलेली कैद, वाली नसलेली मुले

तुमच्या घरात १ जूनला जन्मलेले कोणी आहे का? बहुतेक असेलच. आजोबा, मोठे चाचा, एखादी खाला. शाळेत नाव घालायला नेले तेव्हा जन्माचा दाखला नव्हता. गुरुजींनी मुलाकडे पाहून अंदाजाने साल धरले आणि तारीख लिहिली १ जून. पुढे तीच तारीख दाखल्यावर, रेशनकार्डावर, आधार कार्डावर आली. घरात आपण यावर हसतो. पण त्या तारखेमुळे आजोबांना कोणी खोटारडे ठरवले नाही की कोंडून ठेवले नाही.

आता असाच एक मुलगा इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावर, केंटमध्ये, रबरी बोटीतून उतरतो अशी कल्पना करा. तो अफगाणिस्तानचा असेल, सुदानचा असेल किंवा इरिट्रियाचा. सोबत आईबाप नाहीत. वय विचारले तर सांगतो, सोळा. जन्मतारीख विचारली की अडखळतो, कारण त्याच्या गावातही ती कोणी लिहून ठेवलेली नाही. ब्रिटिश गृहखात्याच्या नियमानुसार, दिसण्यावरून आणि वागण्यावरून तो अठरापेक्षा बराच मोठा आहे असे दोन अधिकाऱ्यांना ठामपणे वाटले, तर त्याला प्रौढ समजून पुढे पाठवता येते.

या नजरेवर सगळे ठरते. तो मूल ठरला, तर १९८९ च्या चिल्ड्रन ॲक्टप्रमाणे त्याची जबाबदारी स्थानिक कौन्सिलच्या समाजकल्याण विभागावर येते. राहायला जागा, शाळा, डॉक्टर आणि त्याची विचारपूस करणारा सोशल वर्कर त्याला मिळायला हवा. प्रौढ ठरला, तर अनोळखी पुरुषांसोबत हॉटेलातली खोली, किंवा स्थानबद्धता केंद्र. नंतर सोशल वर्करांनी नीट बसून, बोलून वय तपासले तेव्हा अशा 'प्रौढां'पैकी शेकडो जण अल्पवयीनच निघाले, हे तिथल्या कौन्सिलांनी दिलेल्या माहितीतून समोर आले आहे.

म्हणजे दारे दोन आहेत. एकामागे देखभाल, दुसऱ्यामागे कैद. माझे म्हणणे असे की ब्रिटनमध्ये या दोन्ही दारांमागे एकच चूक घडते आहे. अर्जाचा निकाल लागेपर्यंत समोरचा माणूस कोणाच्याच जबाबदारीत नाही, असे धरून चालले जाते. तो आश्रयाला पात्र आहे की नाही हा प्रश्न पुढचा. तो आपल्या ताब्यात आहे, म्हणून त्याच्या जिवाला आणि इभ्रतीला आपण जबाबदार आहोत, ही पहिली गोष्टच विसरली जाते.

हॉटेलातून गायब झालेली मुले

आधी देखभालीचे दार पाहू. एकट्या आलेल्या मुलांची संख्या वाढली तेव्हा केंटच्या कौन्सिलने हात वर केले. मग जुलै २०२१ पासून गृहखात्याने या मुलांना हॉटेलांत ठेवायला सुरुवात केली. चार दिवसांची सोय म्हणून सुरू झालेली गोष्ट नेहमीची झाली. गृहखाते हे मुले सांभाळणारे खाते नाही. हॉटेलात पहारेकरी होते, जेवण होते, पण आईबापाच्या जागी उभे राहण्याची कायदेशीर जबाबदारी घेतलेले कोणी नव्हते.

जानेवारी २०२३ मध्ये सरकारनेच संसदेत सांगितले की तोपर्यंत ४,६०० हून अधिक मुले अशा हॉटेलांत राहून गेली होती आणि त्यांतली २०० मुले बेपत्ता होती. यातली बहुतेक अल्बानियाची होती. काही सोळा वर्षांच्याही आतली होती. मुलांना अंमली पदार्थांच्या धंद्यात आणि बिनपगारी मजुरीत ओढणाऱ्या टोळ्या ब्रिटनमध्ये आहेत, हे तिथल्या पोलिसांना नवे नाही. आपल्या गावातल्या वसतिगृहातून दोनशे मुले गायब झाली असती, तर काय गदारोळ झाला असता याचा विचार करा.

मुलांची तस्करी रोखण्यासाठी काम करणारी एक संस्था न्यायालयात गेली. जुलै २०२३ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने निकाल दिला की मुलांना अशा प्रकारे सरसकट, पद्धत म्हणून हॉटेलांत ठेवणे बेकायदा आहे आणि केंट कौन्सिलनेही आपले कर्तव्य टाळले आहे. मूल कुठून आले, कसे आले यावर कौन्सिलची जबाबदारी अवलंबून नाही, एवढा साधा या निकालाचा अर्थ. तो न्यायालयाकडून वदवून घ्यावा लागला, हेच दुखणे आहे.

मोठ्यांच्या बाबतीतही ही टोलवाटोलवी जुनी आहे. २००२ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सपुढे, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठापुढे, एक प्रकरण आले. इराकमधून आलेली एक कुर्द बाई. मणक्याचा कर्करोग. सोबत लहान मुलगी. तिला घर कोणी द्यायचे, लंडनच्या वेस्टमिन्स्टर कौन्सिलने की गृहखात्याच्या आश्रय विभागाने, यावर दोन सरकारी कचेऱ्या एकमेकींशी भांडत शेवटच्या पायरीपर्यंत गेल्या. निकाल कौन्सिलच्या विरोधात लागला. आजार असेल, अपंगत्व असेल तर त्याची देखभाल कौन्सिलने करायची. नुसती निराधार अवस्था असेल तर गृहखात्याने. कागदावर ही रेघ स्पष्ट दिसते. पण आजारी आणि निराधार अशा दोन्ही अवस्था ज्याच्या वाट्याला एकदम आल्या आहेत, त्याला दोन्ही खिडक्यांवर 'पलीकडे जा' असेच ऐकावे लागते.

यावर कोणी म्हणेल, काम करून कमवावे की. तर आश्रय मागणाऱ्याला ब्रिटनमध्ये पहिले वर्षभर नोकरी करता येत नाही. त्यानंतरही सरकारने ठरवलेल्या मोजक्याच कामांसाठी परवानगी मिळते. हॉटेलात जेवण देतात म्हणून हातखर्चाला २०२४ मध्ये आठवड्याला दहा पौंडांपेक्षाही कमी मिळत होते. कमवायला बंदी घालायची आणि फुकट खातो म्हणून बोट दाखवायचे, असा हा प्रकार.

सुटकेची तारीख कुठे आहे?

आता दुसरे दार. लंडनच्या गॅटविक विमानतळाशेजारी ब्रूक हाऊस नावाचे स्थानबद्धता केंद्र आहे. २००९ साली सुरू झाले. माणसांना फार तर तीन दिवस ठेवायचे, या हिशेबाने ते बांधले. प्रत्यक्षात लोक तिथे महिनोन्‌महिने राहिले. बांधणी तुरुंगासारखी. रात्री नऊ ते सकाळी आठ खोल्यांना कुलूप. इथे असलेले सगळेच आश्रय मागणारे नसतात. व्हिसा संपलेले आणि शिक्षा भोगून झालेले परदेशी नागरिकही असतात. पण या बंदीसाठी यांपैकी कोणालाही न्यायाधीशाने शिक्षा दिलेली नसते. अधिकाऱ्याच्या सहीवर माणूस आत जातो.

आणि बाहेर कधी येणार, हे कोणी सांगत नाही. फ्रान्समध्ये अशा स्थानबद्धतेला साधारणपणे ९० दिवसांची मर्यादा आहे. ब्रिटनमध्ये कायद्याने ठरवलेली मर्यादाच नाही. जामिनासाठी अर्ज करता येतो, पण त्यासाठी वकील लागतो, भाषा लागते, बाहेर राहण्याचा पत्ता लागतो. खुनाच्या कैद्याला आपली तारीख साधारण ठाऊक असते. तो भिंतीवर दिवस खोडत जातो. इथे दिवस खोडता येत नाहीत, नुसते मोजत राहावे लागते.

या बंदीवर न्यायालयांनी जे काही बंधन घातले, त्याला एका भारतीय माणसाचे नाव आहे, हे आपल्याकडे फारसे ठाऊक नाही. हरदियाल सिंग हा भारतीय नागरिक शिक्षा संपल्यावरही हद्दपारीच्या नावाखाली डरहॅमच्या तुरुंगात पडून होता. १९८३ साली न्यायमूर्ती वुल्फ यांनी त्याच्या प्रकरणात तत्त्वे घालून दिली. बंदी फक्त परत पाठवण्यासाठीच असावी, वाजवी काळापुरतीच असावी, वाजवी काळात पाठवणे शक्य नाही असे दिसले तर सोडावे, आणि सरकारने त्या कामात दिरंगाई करू नये. चाळीस वर्षे ब्रिटिश न्यायालये 'हरदियाल सिंग तत्त्वे' याच नावाने ती वापरत आली. २०२३ च्या कायद्याने मात्र वाजवी काळ म्हणजे किती, हे ठरवण्याचा अधिकार बऱ्याच अंशी मंत्र्याकडे देऊन ठेवला. ज्याने कोंडायचे, त्यानेच किती दिवस ते ठरवायचे.

अशा जागी काय होते, ते सप्टेंबर २०१७ मध्ये जगाला दिसले. ब्रूक हाऊसमध्येच नोकरी करणाऱ्या एका तरुण कर्मचाऱ्याने छुपा कॅमेरा लावून चित्रीकरण केले आणि बीबीसीने ते दाखवले. केंद्र तेव्हा जीफोरएस ही खासगी कंपनी चालवत होती. स्वतःला इजा करून घेणाऱ्या, मन पुरते खचलेल्या एका माणसाचा गळा कर्मचारी दाबतो आहे, असे त्यात एक दृश्य होते. पुढे सरकारला सार्वजनिक चौकशी नेमावी लागली. केट ईव्हज यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीचा अहवाल सप्टेंबर २०२३ मध्ये आला. पाच महिन्यांच्या काळातले असे १९ प्रसंग त्यात नोंदवले आहेत, की ज्यांत युरोपीय मानवी हक्क कराराच्या तिसऱ्या कलमाचा, म्हणजे अमानुष आणि अपमानास्पद वागणुकीच्या मनाईचा, भंग झाल्याचा विश्वासार्ह पुरावा आहे.

मला त्या दृश्यातली एक गोष्ट जास्त अस्वस्थ करते. खोलीत नर्स होती. गळा दाबला गेला तेव्हा वैद्यकीय कर्मचारी हजर होती. म्हणजे देखभाल करणारे माणूस तिथे होते, पण देखभाल नव्हती. नियमपुस्तकात सगळे आहे. आत आणलेल्या माणसाची चोवीस तासांत डॉक्टरकडून तपासणी व्हावी. त्याचा पूर्वी छळ झाला असेल, तो आत्महत्येच्या विचारात असेल किंवा बंदीमुळे त्याची तब्येत ढासळत असेल, तर डॉक्टरने तसे लेखी कळवावे, म्हणजे त्याला सोडण्याचा विचार होईल. ही ढाल चालतच नव्हती, असे चौकशीत निघाले. डॉक्टर आणि नर्स कैदखान्याच्या व्यवस्थेचा भाग होऊन बसले की रुग्ण दिसेनासा होतो, फक्त 'त्रासदायक कैदी' दिसतो.

अहवालाने ३३ शिफारशी केल्या. त्यांतली एक शिफारस २८ दिवसांच्या कायदेशीर मर्यादेची होती. मार्च २०२४ मध्ये तेव्हाच्या सरकारने ती नाकारली. मर्यादा घातली तर लोक मुद्दाम वेळ काढतील, हे नेहमीचे कारण. पण २०१६ च्या कायद्याने गरोदर स्त्रियांच्या बंदीवर ७२ तासांची मर्यादा घातली, मंत्र्याच्या परवानगीने फार तर एक आठवडा. त्याने राज्य कोसळले नाही. म्हणजे मर्यादा घालता येते. घालायची इच्छा हवी.

'मग काय, सगळ्यांना येऊ द्यायचे?'

हा प्रश्न तुम्हाला विचारला जाईल, आणि तो टाळू नये. देशाला आपल्या सीमेवर नियंत्रण ठेवण्याचा हक्क आहे. प्रत्येक अर्ज खरा नसतो. माणसांची ने-आण करणाऱ्या टोळ्या खाडीत लोकांना बुडवून पैसा करतात. हे सगळे मान्य. ज्याचा अर्ज नीट ऐकून फेटाळला गेला, त्याला परत पाठवण्यातही चूक नाही.

पण कैदेने तेवढे तरी साधते का? २०१९ ते २०२३ या वर्षांत स्थानबद्धतेतून बाहेर पडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना परत पाठवलेच गेले नाही. त्यांना ब्रिटनमध्येच जामिनावर वगैरे सोडण्यात आले. ज्यांना शेवटी सोडायचेच होते, त्यांना आधी कोंडून काय मिळाले? अर्ज फेटाळणे आणि माणूस मोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली राज्याच्या अधिकारात येते. दुसरी कोणाच्याच अधिकारात येत नाही.

हे आपले का आहे?

पहिले कारण तर अगदी जवळचे आहे. जुलै २०२४ च्या अखेरीस साउथपोर्ट शहरात तीन लहान मुलींचा खून झाला. मारेकरी बोटीतून आलेला मुस्लिम आश्रयार्थी आहे, ही अफवा मोबाइलवरून पसरली. प्रत्यक्षात तो ब्रिटनमध्येच जन्मलेला होता आणि मुस्लिमही नव्हता. पण जमावाने आधी साउथपोर्टच्या मशिदीवर दगड फेकले आणि काही दिवसांत रॉदरहॅममध्ये आश्रयार्थी राहत असलेल्या हॉटेलला आग लावण्याचा प्रयत्न केला. आत दोनशेहून अधिक लोक होते. मशिदीवरचा दगड आणि हॉटेलवरचा दगड एकाच हातातला होता. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आपल्या कोकणी नातेवाईकांना ते आठवडे कसे गेले, विचारून पाहा.

दुसरे कारण आपल्या घरातले. २०१९-२० च्या हिवाळ्यात आपल्यापैकी कितीजणांनी पेट्या उघडून कागद शोधले होते? दादाच्या नावात कुठे 'शेख' आधी, कुठे नंतर. दादीचे नाव शाळेच्या दाखल्यावर एक, मतदारयादीत दुसरे. कागद नीट नसेल तर माणूसच खोटा ठरेल, ही भीती आपण चाखली आहे. केंटच्या किनाऱ्यावर अडखळणाऱ्या त्या मुलाला समजून घ्यायला आपल्याला फार कष्ट पडू नयेत.

पण 'ते आपले आहेत म्हणून' एवढ्यावर थांबू नका. स्थानबद्धता केंद्रात हिंदू असतात, तमिळ असतात, धर्म बदलल्यामुळे पळून आलेले इराणी ख्रिस्ती असतात. आपल्या इतिहासात पहिला आश्रय आपल्याला मिळाला तो एका ख्रिस्ती राजाकडून. मक्केत छळ झाला तेव्हा मुसलमानांची पहिली तुकडी हबशाला गेली. मागोमाग कुरैशांचे वकील भेटवस्तू घेऊन पोहोचले: आमची माणसे परत द्या. नजाशीने आधी आश्रय मागणाऱ्यांचे म्हणणे भरदरबारात ऐकले, मगच निकाल दिला आणि त्यांना परत पाठवायला नकार दिला. ऐकल्याशिवाय परत नाही, हे तत्त्व तेव्हापासूनचे आहे. आणि सूरह तौबामध्ये, भर संघर्षाच्या काळातही, आश्रय मागणाऱ्या विरोधकाला आश्रय देऊन पुढे त्याच्या सुरक्षित जागी पोहोचवण्याची आज्ञा आहे. तो आपल्यासारखा असावा अशी अट तिथे नाही.

म्हणूनच लंडनकडे बोट दाखवताना आपण बाकी ठिकाणी गप्प बसू शकत नाही. पाकिस्तानने २०२३ च्या शरद ऋतूपासून लाखो अफगाणांना घालवायला सुरुवात केली. कित्येकांचा जन्मच तिथला होता. लिबियातल्या बंदीगृहांच्या कहाण्या ब्रूक हाऊसपेक्षा कितीतरी भयंकर आहेत. आणि आपल्या देशात? भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, आश्रयाचा स्वतंत्र कायदाही नाही. मार्च २०२१ मध्ये जम्मूत दीडशेहून अधिक रोहिंग्यांना उचलून हीरानगरच्या केंद्रात ठेवले गेले. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडायला नकार दिला. २०२३ मध्येही तिथे लोक बंदिस्त होते, बायका आणि मुले धरून. तारीख नाही, वाली नाही. वर्णन तेच लागू पडते.

याच्या उलटही आपल्या मातीत घडले आहे. दुसऱ्या महायुद्धात पोलंडमधून परागंदा झालेले सुमारे पाच हजार लोक, बहुतांश स्त्रिया आणि मुले, कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात राहिले. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते. आपण गरीब होतो, पारतंत्र्यात होतो, बंगालमध्ये दुष्काळ पडला होता. तरी आश्रिताला माणूस म्हणून ठेवता आले.

मागणी काय करायची, हे गुंतागुंतीचे नाही. कैदेला कायद्याने ठरलेली तारीख हवी. कोंडण्याचा निर्णय लवकरात लवकर न्यायाधीशापुढे जावा. छळ सोसलेल्या आणि आजारी माणसाला आत टाकूच नये, आणि डॉक्टरचा शब्द कंपनीच्या शब्दापेक्षा वर असावा. मूल असेल तर पहिल्या दिवसापासून त्याला एक जबाबदार माणूस मिळावा, आणि वयाबद्दल शंका असेल तर तिचा फायदा मुलाला मिळावा.

आपण काय करू शकतो? तुमच्यापैकी जे शिकायला ब्रिटनला जाणार आहेत, त्यांनी स्थानबद्धता केंद्रांत भेटीला जाणाऱ्या स्वयंसेवक गटांची माहिती घ्यावी. ब्रूक हाऊसजवळचा असा गट १९९५ पासून काम करतो. आठवड्यातून एक तास समोर बसून ऐकायचे, एवढेच काम असते. उर्दू, हिंदी येणारा माणूस तिथे मोलाचा ठरतो. कायदा शिकणाऱ्यांनी हरदियाल सिंगचा निकाल मुळातून वाचावा आणि हीरानगरला लावून पाहावा. आणि जे इथेच आहेत, त्यांनी निदान ग्रुपवर आलेल्या 'घुसखोर' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर द्यावे, मग तो मेसेज आपल्याविरुद्ध असो की आपल्यातल्याच कोणी अफगाण किंवा बांगलादेशी माणसाविरुद्ध पाठवलेला असो.

ताब्यात आलेला माणूस ही अमानत आहे. त्याचा अर्ज मंजूर होवो की नामंजूर, अमानतीचा हिशोब द्यावाच लागतो. आजोबांच्या १ जूनवर विश्वास ठेवणारे कोणीतरी होते म्हणून आपण इथवर आलो. त्या मुलावर विश्वास ठेवणारेही कोणीतरी असायला हवे.